काम येतं, पण गेटावर दाखवता येतं का?

दहावी-बारावीचा निकाल लागला की जळगाव, धुळे, नंदुरबारच्या आयटीआयमध्ये प्रवेशाची गर्दी होते. त्याच सुमारास गावातून एमआयडीसीत 'शिकायला' म्हणून पोरं जायला लागतात. घरी एकच प्रश्न विचारला जातो, "कितला पगार शे?" प्रश्न रास्तच आहे, घर पगारावर चालतं. पण पाच वर्षांनी पगार किती असेल ते पहिल्या महिन्याच्या पाकिटावरून कळत नाही. त्यासाठी दुसरा प्रश्न लागतो. इथे जे शिकायला मिळेल ते ओळखणारी आणि विकत घेणारी दुसरी किती गेटं, म्हणजे कारखाने, आहेत?

आज याच गणिताबद्दल सविस्तर लिहितो. आपल्याकडे प्रशिक्षण म्हटलं की सर्टिफिकेट वाटपाचे फोटो दिसतात. त्या प्रशिक्षणाचं पगारात काय झालं हे मात्र कुणी बसून मांडत नाही.

जळगावचं उदाहरण घेऊ. पीव्हीसी पाइपच्या एक्स्ट्रूजन लाइनवर, म्हणजे प्लास्टिक वितळवून पाइप काढणाऱ्या यंत्रावर, तीन-चार वर्षं काढलेला ऑपरेटर नेमकं काय शिकलेला असतो? हॉट मिक्सरमध्ये रेझिन, कॅल्शियम, स्टॅबिलायझर आणि वॅक्स एकत्र फिरवून माल साधारण ११० ते १२० अंशांवर उतरवायचा, मग कूलरमध्ये ४०-५० अंशांपर्यंत थंड करायचा. माल जिथे वितळतो त्या बॅरलचे झोन १६० ते १९०च्या दरम्यान आणि पाइपला आकार देणारी डाय त्याहून थोडी वर ठेवायची. पाइपच्या एका बाजूची जाडी कमी येत असेल तर डायचे बोल्ट सैल-घट्ट करून सेंटरिंग करायचं. पाइप लंबगोल येत असेल तर व्हॅक्युम टँक आणि थंड पाणी तपासायचं. पाइप पुढे ओढणाऱ्या हॉल-ऑफचा वेग वाढला की भिंत पातळ होते आणि दर मीटरचं वजन घटतं, वेग कमी झाला की माल जास्त जातो. पाइपवर पिवळी-तपकिरी रेघ दिसली किंवा नाकाला झोंबणारा वास आला की माल आत जळतोय हे ओळखायचं. अचानक लाइट गेली तर आतला माल डायमध्ये जळून बसायच्या आधी काय करायचं, आणि बसलाच तर डाय खोलून पितळी पट्टीने, पृष्ठभागावर ओरखडा न येऊ देता कसा काढायचा, हेही त्याला येतं.

हे कसब थोडंथोडकं नाही. पण त्याची वाटणी करून पाहा. डाय सेंटरिंग, तापमानाचा मेळ, वजन-जाडीचं गणित, माल जळल्याची खूण हे देशातल्या कुठल्याही पाइप कारखान्यात चालतं. त्या एका कंपनीची रेसिपी, तिथल्या जुन्या मशीनची खोड, 'तीन नंबरचा हीटर दहा अंश जास्त दाखवतो' ही माहिती, कुठल्या साहेबाला कधी फोन करायचा हे ज्ञान गेटाबाहेर पाऊल पडलं की संपतं. पहिल्या भागाला अर्थशास्त्रात सर्वसाधारण कौशल्य म्हणतात, दुसऱ्याला कंपनीपुरतं कौशल्य. गॅरी बेकर या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९६०च्या दशकात ही विभागणी नीट मांडली. १९९२ साली त्यांना नोबेल मिळालं.

त्यांचं म्हणणं साध्या मराठीत असं. जे कौशल्य कुठेही चालतं त्यावर मालक स्वतःचा पैसा घालणार नाही, कारण शिकून झाल्यावर माणूस शेजारच्या कारखान्यात जाऊ शकतो. त्यामुळे त्याची किंमत शिकणारा मोजतो. कधी फी भरून, बहुतेक वेळा शिकण्याच्या काळात कमी पगार घेऊन. जे कौशल्य एकाच कंपनीत चालतं त्याचा खर्च आणि फायदा दोघांत वाटला जातो, आणि ते जितकं जास्त तितका माणूस त्या जागी अडकतो. म्हणजे 'ट्रेनी' म्हणून कमी पैशांत काम करताना आपण फी भरत असतो. फी भरतोय तर बदल्यात काय मिळतंय हे बघायला नको का? दोन वर्षं फक्त गोणी ओतल्या आणि पाइप कापले असतील तर फी गेली आणि शाळाही झाली नाही.

आता खानदेशची अडचण. आपल्याकडे गेटं कमी आहेत. जळगावला प्लास्टिक, ठिबक, चटई आणि डाळ मिल, भुसावळला रेल्वे, दीपनगरचं वीज केंद्र आणि वरणगावसह आयुध निर्माणीची कामं, धुळ्याला अवधान आणि पुढे नरडाणा, शिरपूरला सूतगिरणी-कापड, दोंडाईचा-नंदुरबारकडे मिरची, नवापूरला कापड. प्रत्येक ठिकाणी एका प्रकारच्या कामाला मोजकेच मालक. बरं, ते एकमेकांना ओळखतात. एका कारखान्यातला ऑपरेटर दुसरीकडे गेला की संध्याकाळपर्यंत फोन होतो. अशा बाजारात माणसाचं कसब वाढतं, उत्पादन वाढतं, पण पगार जागेवर राहतो, कारण 'देत नसाल तर जातो' हे म्हणायला दुसरं दार जवळ नसतं.

हे नुसतं पारावरचं बोलणं नाही. बंगळुरूकडच्या कपडा कारखान्यांत कामगार महिलांना संवाद, वेळेचं नियोजन, अडचण सोडवणं अशा विषयांचं सुमारे ८० तासांचं प्रशिक्षण देऊन त्याचा काटेकोर अभ्यास झाला आहे. चिठ्ठ्या टाकून काहींना प्रशिक्षण दिलं, काहींना नाही. शिकलेल्या महिलांची उत्पादकता १० टक्क्यांहून जास्त वाढली. पगार? एक टक्कासुद्धा वाढला नाही. कंपनीला गुंतवणुकीच्या कितीतरी पट परतावा मिळाला. शिकवलं ते खरं होतं, उपयोगी होतं, पण बाहेरच्या मालकाला ते दिसत नव्हतं, म्हणून त्याची बोली लागली नाही. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो. 'प्रशिक्षण घ्या, पगार वाढेल' हे वाक्य अर्धंच खरं आहे.

उरलेलं अर्ध युगांडातल्या एका प्रयोगातून दिसतं. तिथे तरुणांच्या एका गटाला सहा महिने प्रशिक्षण संस्थेत शिकवून प्रमाणपत्र दिलं. दुसऱ्या गटाला तेवढाच काळ थेट वर्कशॉपमध्ये मालकाच्या हाताखाली ठेवलं. कमाई दोन्ही गटांची वाढली. वर्कशॉपवाल्यांना तर काम आधी लागलं. पण पुढच्या काही वर्षांत संस्थेत शिकलेले पुढे गेले. काम सुटलं की त्यांना दुसरं लवकर मिळायचं आणि आधीपेक्षा बरं मिळायचं. वर्कशॉपमध्ये शिकलेल्यांकडे हात होता, कागद नव्हता. नव्या मालकापुढे त्यांना पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागायची.

खानदेशातून सुरतेला जाणाऱ्यांना हे सांगायची गरज नाही. भुसावळ-सुरत लाइनने पिढ्यान् पिढ्या माणसं उधना, लिंबायतकडे गेली. मामा, काका, गावकीच्या ओळखीने काम लागलं. ओळख हेच त्यांचं प्रमाणपत्र. पण ओळख जिथपर्यंत पोचते तिथपर्यंतच ती चालते. लूमवर ज्या खात्यात मामा आहे त्याच खात्यात भाचा. दुसऱ्या धंद्यात, दुसऱ्या शहरात तिला किंमत नाही.

याच्या बरोबर उलटं काम वेल्डिंगचं. मला वेल्डरचा व्यवसाय या विषयात सगळ्यात शिकवून जाणारा वाटतो, कारण तिथे हाताचं कसब तासा-दोन तासांत गेटावरच सिद्ध होतं. पाइप ४५ अंशांत तिरपा, हलणार नाही असा पक्का बांधतात आणि सगळ्या बाजूंनी जोड मारायला सांगतात. यालाच सिक्स-जी टेस्ट म्हणतात. आधी टिगने, म्हणजे आर्गॉन गॅसच्या वेल्डिंगने, रूट हा तळाचा थर, मग हॉट पास हा दुसरा थर, मग भरणीचं फिलिंग आणि वर कॅप. नंतर एक्स-रे किंवा बेंड टेस्ट. रूट नीट वितळला नसेल, आत हवेचे पोकळ फुगे राहिले असतील, कडेला अंडरकट म्हणजे खाच पडली असेल तर फिल्मवर लगेच दिसतं. इथे कुणाचा भाचा आहे हे विचारत नाहीत.

नापास होण्याची कारणं बहुतेक वेळा हात थरथरण्यापेक्षा तयारीतली असतात. ७०१८ नंबरचा वेल्डिंग रॉड ओव्हनमध्ये भाजून न घेता वापरला, तर त्यातल्या ओलीमुळे फुगे येतात किंवा नंतर तडा जातो. दोन पाइपांमधलं अंतर सगळीकडे सारखं नसलं, तर एका बाजूला रूट आत लोंबतो आणि दुसऱ्या बाजूला बसतच नाही. टॅक म्हणजे तात्पुरता टाका मारून त्याच्या कडा ग्राइंड केल्या नाहीत, तर तिथेच जोड अर्धवट राहतो. आर्गॉनचा पाइप गळका असला तर सगळीच मेहनत वाया. हे सांगायचं कारण असं की बरेच गावाकडचे वेल्डर जाळी-गेटचं काम उत्तम करतात, पण प्लेटवरच्या आडव्या जोडाच्या पुढे त्यांना कुणी सरावच दिलेला नसतो. गेट बनवणाऱ्याला आणि सिक्स-जी पास झालेल्याला 'वेल्डर' हे एकच नाव आहे, पण दोघांच्या रोजात मोठा फरक आहे. दीपनगरसारख्या वीज केंद्रात ओव्हरहॉल निघतं तेव्हा ठेकेदार बाहेरून टेस्ट पास झालेले वेल्डर आणतात, आणि तेच लोक काम संपलं की पुढच्या केंद्रावर जातात. हालचाल आणि पगार इथे हातात हात घालून चालतात.

एक बारकावा इथे लक्षात ठेवावा. वेल्डरची पात्रता एकदा मिळाली म्हणजे कायमची झाली असं नाही. दाबाखालच्या पाइपसाठी जो अमेरिकी कोड बहुतेक ठिकाणी पाळला जातो, त्यानुसार सहा महिने त्या प्रक्रियेने वेल्डिंग केलं नाही तर पात्रता संपते. नवी कंपनीही सहसा स्वतःची टेस्ट घेतेच. म्हणून जुनं सर्टिफिकेट जपायचं ते आत बोलावून घेण्यापुरतं. आत गेल्यावर हातच बोलतो. दोन महिने शेतीला गावी आलात तर परत जाण्याआधी आठवडाभर कुठेतरी वेल्डिंगची टॉर्च हातात धरा.

काही कामांत कायदाच माणसाची किंमत वाढवतो. बॉयलर प्रमाणित अटेंडंटशिवाय चालवता येत नाही. ऑइल मिल, कापडाची प्रोसेस, स्टार्च, औषधं, जिथे वाफ लागते तिथे हा माणूस लागतोच. राज्याचं बाष्पके संचालनालय प्रथम आणि द्वितीय श्रेणीची परीक्षा घेतं. बॉयलरवर कोळसा-बगॅस टाकत वर्षानुवर्षं काम केलेली आणि परीक्षेला कधीच न बसलेली माणसं आपल्या भागात पुष्कळ आहेत. काम तेच, उष्णता तीच, पण कागद नसल्यामुळे ते हेल्परच्या रोजावर आणि कागदवाला शिफ्टचा प्रमुख. परीक्षेला लागणारा अनुभव सिद्ध करायचा तर अनुभवाचा दाखला हवा, त्यावर बॉयलरचा नोंदणी क्रमांक आणि कामाचा कालावधी हवा. तो नोकरी सोडताना नाही, नोकरीत असतानाच मागून ठेवावा. सोडून गेलेल्या माणसाला दाखला द्यायची घाई कुणालाच नसते. इलेक्ट्रिशियनचंही तसंच. आयटीआय झालं म्हणून थांबू नका, वीज निरीक्षकांच्या यंत्रणेकडून मिळणारा वायरमनचा परवाना काढा, अनुभव झाला की पर्यवेक्षकाचा. ठेकेदाराला स्वतःचा परवाना चालू ठेवायला असे परवानाधारक लागतात. म्हणजे तुमचा कागद त्याच्या धंद्याचा भाग होतो.

आता अप्रेंटिसशिप. १९६१चा कायदा, आणि २०१९ साली नियमांत मोठे बदल. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला, ठेक्यावरचे धरून, एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे. ४ ते २९ असतील तर ऐच्छिक. त्या बदलात किमान विद्यावेतन असं ठरलं: पाचवी ते नववी ५,०००, दहावी ६,०००, बारावी आणि आयटीआय ७,०००, डिप्लोमा ८,०००, पदवी ९,०००, दुसऱ्या वर्षी त्यावर १० टक्के वाढ. २०२५च्या मे महिन्यात केंद्रीय अप्रेंटिसशिप परिषदेने हे आकडे ३६ टक्क्यांनी वाढवायची शिफारस केली, म्हणून करार करताना अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर त्या दिवशीचा दर पाहूनच सही करा. केंद्राच्या योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के भाग, महिना कमाल १,५०० रुपये, सरकार देतं आणि ते थेट तुमच्या खात्यात येतं. खात्याला आधार जोडलेला नसेल तर कंपनीचा भाग येतो आणि हे १,५०० लटकतात. मग पोरगा कंपनीशी भांडतो आणि दोष असतो बँकेच्या शाखेत.

पण खरी गडबड वेगळ्याच ठिकाणी होते. कंपनी 'अप्रेंटिस' म्हणते आणि करार पोर्टलवर नोंदवतच नाही. वर्षभर काम होतं, शेवटी कंपनीच्या लेटरहेडवर एक दाखला मिळतो. ते राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र नव्हे. रेल्वेच्या भरतीत ते चालत नाही, सरकारी कंपन्यांत चालत नाही. म्हणून रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात कराराचा नोंदणी क्रमांक मागा आणि पोर्टलवर स्वतः लॉगिन करून ट्रेडचं नाव बघा. फिटर म्हणून घेतलं आणि करारात 'पॅकिंग असिस्टंट' लिहिलं, असं झालं तर वर्षभराने काहीच करता येत नाही. दुसरी गोष्ट, अप्रेंटिसशिप सल्लागाराच्या परवानगीशिवाय अप्रेंटिसकडून ओव्हरटाइम करून घेता येत नाही. तिसरी, प्रशिक्षण संपल्यावर नोकरी देण्याचं बंधन कायद्याने मालकावर नाही. 'वर्षानंतर परमनंट करू' हे तोंडी आश्वासन असतं, ते धरून दुसरीकडचे अर्ज थांबवू नका.

भुसावळकडच्या पोरांसाठी रेल्वेची अप्रेंटिसशिप अजूनही सगळ्यात भारी, असं माझं स्पष्ट मत आहे. मध्य रेल्वे दरवर्षी भुसावळसह पाच क्लस्टरसाठी जागा काढते. लेखी परीक्षा नाही, दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर यादी लागते. वय १५ ते २४. प्रशिक्षण पूर्ण करून राष्ट्रीय प्रमाणपत्र घेतलेल्यांना रेल्वेच्या लेव्हल-१, म्हणजे सगळ्यात खालच्या श्रेणीच्या, भरतीत २० टक्के जागा राखीव असतात. ती नोकरीची हमी नाही, परीक्षा द्यावीच लागते, पण रांग वेगळी आणि लहान असते. दहावीला ४५ टक्के घेऊन 'आयटीआयला गुण कोण बघतं' म्हणणाऱ्यांनी हे आधीच ऐकायला हवं. इथे तेच गुण बघतात.

राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेबद्दलही बोलायला हवं, कारण नंदुरबार-धुळ्याच्या कितीतरी गावांत ग्रामपंचायती, शाळा, आरोग्य केंद्रांत या योजनेतली मुलं-मुली होती. २०२४ साली योजना आली, बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,०००, पदवीला १०,००० महिना, आधी सहा महिने, नंतर मुदत वाढवून अकरा. पैशाची मदत झाली हे खरं. पण कार्यालयात कागद लावणं आणि डेटा भरणं ही कौशल्यं विकत घेणारं दुसरं गेट त्या तालुक्यात नाही. अकरा महिने झाल्यावर 'आम्हाला कायम करा' एवढीच मागणी हातात उरते, आणि त्या मुलांचा राग मला पूर्ण समजतो. पुन्हा अशी संधी आली तर त्यातल्या त्यात पाणीपुरवठा, वीज, प्रयोगशाळा, लेखा अशी जागा मागून घ्या, जिथे हाताला काहीतरी लागतं.

सरकारी प्रशिक्षणांचा निकाल उशिरा दिसतो, हेही माहीत असू द्या. जगभरातल्या दोनशेहून जास्त अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला तेव्हा दिसलं की पहिल्या वर्षात परिणाम जवळजवळ शून्य असतो, दोन-तीन वर्षांनी तो उमटतो. कारण शिकण्याच्या काळात माणूस काम शोधत नसतो, आणि पहिली नोकरी बऱ्याचदा कामचलाऊ असते. घरच्यांनी सहाव्या महिन्यात 'शिकून काय झालं' म्हणून पोराला शेतात परत बोलावलं, तर ते दोन वर्षांनंतरचं फळ कधी दिसतच नाही.

बाहेर जाण्याचा हिशेब वहीत मांडा, मनात नको. आकडे तुमचे टाका, मी नमुन्याला धरतो. जळगावला घरी राहून १३,००० आणि चाकणला १९,०००. खोलीत चौघांत हिस्सा २,५००, मेस ३,५००, येणं-जाणं आणि सणाला घरी १,०००. उरतात १२,०००. म्हणजे सहा हजारांच्या वाढीवर गेलात आणि हातात हजार कमी आले. मग जायचंच नाही का? जायचं, पण कशासाठी ते ठरवून. तिथे व्हीएमसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कटिंग मशीनवर, नुसता जॉब लावणं-काढणं असेल तर नको. टूल ऑफसेट घेणं, ड्रॉइंग वाचणं, पहिला पीस स्वतः काढून मायक्रोमीटरने मापून पास करणं, म्हणजे ऑपरेटरवरून मशीन लावून देणाऱ्या सेटरवर सरकता येत असेल तर महिन्याला हजार याप्रमाणे पहिल्या वर्षी कमी आलेले बारा हजार रुपये फी समजावी. चाकण, सातपूर, वाळूजला सेटर विकत घेणारी गेटं शेकड्याने आहेत. मुलाखतीत विचारायचा प्रश्न एकच, सेटिंगला कधी हात लावू देणार? 'बघू' हे उत्तर आलं तर त्याचा अर्थ 'नाही' असा धरा.

काम येतं पण कागद नाही, अशांसाठी दोन वाटा आहेत. एक, आधीच्या शिक्षणाला मान्यता देणारी, आरपीएल नावाची चाचणी. थोड्या दिवसांचे उजळणी वर्ग आणि मग मूल्यमापन. तिचं प्रमाणपत्र चालतं, पण त्यावर पगार फारसा वाढत नाही, कारण मालकांचा त्यावर विश्वास कमी आहे. दुसरी वाट कठीण पण भक्कम. कामाचा अनुभव असलेल्यांना आयटीआयच्या अखिल भारतीय परीक्षेला खाजगी उमेदवार म्हणून बसता येतं. अटी जवळच्या सरकारी आयटीआयच्या प्राचार्यांकडून समजून घ्या, अनुभवाचा दाखला आणि पीएफची नोंद जुळते का ते आधी बघा. प्रॅक्टिकलची भीती नसते, लोक थिअरी आणि वर्कशॉप गणितात अडकतात. संध्याकाळी तासभर एखाद्या निदेशकांकडे बसलं तर तेही निघतं.

बॉन्डचा प्रश्न हल्ली फार येतो. 'दोन वर्षांच्या आत सोडलं तर ५० हजार भरा' असं लिहून घेतात. कायदा काय म्हणतो? भारतीय करार कायदा, १८७२च्या कलम २७ नुसार कुणाला धंदा-नोकरी करण्यापासून रोखणारा करार रद्दबातल ठरतो. म्हणजे 'सोडल्यावर शेजारच्या कारखान्यात जायचं नाही' ही अट टिकत नाही. पण नोकरीच्या ठरावीक काळाची अट आणि तो न पाळल्यास वाजवी भरपाई ही वेगळी गोष्ट आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांची सेवा किंवा दोन लाख रुपये ही अट वैध धरली. म्हणून 'बॉन्डला काही अर्थ नसतो' या ऐकीव ज्ञानावर सही करू नका. बघायचं हे की मालकाने खरोखर खर्च केला का. बाहेर पाठवून महिनाभराचं ट्रेनिंग दिलं असेल तर अट समजू शकते. मशीनशेजारी उभं करून 'बघून शिक' म्हटलं असेल तर कलम ७४ खाली कराराचा पूर्ण आकडा वसूल होत नाही, वाजवी नुकसानभरपाईच मिळते. आणि मूळ मार्कशीट कुणालाही ठेवायला देऊ नका. पडताळणीला दाखवा, झेरॉक्स द्या, मूळ खिशात.

मालकांची बाजूही मला दिसते. जळगावचा छोटा कारखानदार म्हणतो, मी शिकवतो आणि मोठा कारखाना उचलून नेतो. दुखणं खरं आहे. पण यावरचा उपाय शिकवणं बंद करणं हा नाही. जर्मनीत कंपन्या सर्वसाधारण कौशल्यही स्वतःच्या खर्चाने शिकवतात. का शिकवतात याचा अभ्यास दारोन असेमोग्लू आणि योर्न-स्टेफन पिश्के यांनी केला. त्यांचं म्हणणं, कसब जितकं वाढतं तितका पगार वाढत नाही, आणि मधल्या फरकातून कंपनीचा खर्च निघतो. शिवाय वर्षभर सोबत काम केल्यावर चांगला कोण हे कंपनीला कळलेलं असतं, बाहेरच्याला नाही. तो फरक आपल्याकडच्या मालकाकडेही असतोच. तो पूर्ण गिळायचा की थोडा वाटायचा एवढाच प्रश्न. माणूस बहुतेक वेळा ट्रेनिंग संपल्यावर पहिल्या तीन-चार महिन्यांत जातो, कारण तेव्हा त्याचं काम ऑपरेटरचं आणि पगार हेल्परचा असतो. वाढ वार्षिक इन्क्रिमेंटपर्यंत लांबवण्याऐवजी पायऱ्या आधीच लिहून भिंतीवर लावा. डाय सेंटरिंग एकट्याने जमलं की इतके, लाइन स्वतः चालू-बंद करता आली की इतके, मीटरचं वजन आठवडाभर ठरल्या मर्यादेत ठेवलं की इतके. प्रत्येक पायरीची वाढ त्याच महिन्यात द्या. जळालेल्या मालाचा एक दिवस वाचला तरी त्यातली बरीच वाढ भरून निघते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. या विषयाशी थेट जोडलेल्या तीन तरतुदी. प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र द्यावं लागतं. त्यावर पदाचं नाव काय आहे ते बघा, कुशल काम करून 'हेल्पर' लिहिलं असेल तर पुढच्या गेटावर तुम्ही हेल्परच ठरता. नोकरी सोडली किंवा काढलं तर वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं आहे. आणि छाटणी झाली तर मालकाने शेवटच्या पगाराच्या हिशेबाने १५ दिवसांची रक्कम पुनःकौशल्य निधीत भरायची, जी ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायची आहे. ही छाटणीच्या भरपाईपेक्षा वेगळी रक्कम आहे. अंतिम हिशेबात ती दोन वेगळ्या ओळींत दिसली पाहिजे.

नोकरी बदलताना पीएफ काढून घेण्याची सवय मात्र मोडायला हवी. गाव बदललं, पीएफ काढला, मोटरसायकल घेतली, असं तीनदा झालं की पेन्शनसाठी लागणारी १० वर्षांची सेवा कधी जमतच नाही. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, एकच ठेवा, नव्या कंपनीत तोच द्या, जुनी रक्कम ट्रान्सफर करा. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख टाकली नसेल तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी ती स्वतः टाकता येते. पाच वर्षं भरत आली असतील तर ग्रॅच्युइटीसाठी थोडं थांबा. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,००० असेल तर १५ गुणिले १५ हजार भागिले २६, गुणिले ५ वर्षं, म्हणजे सुमारे ४३ हजार होतात. मुदतीच्या करारावर असाल तर नव्या संहितेत एका वर्षानंतरच प्रमाणात ग्रॅच्युइटी लागू होते, तीही मागा.

ट्रान्सफर अडण्याचं सगळ्यात सामान्य कारण नावाचं असतं. आधारवर वडिलांचं नाव मध्ये, पीएफला नुसतं आडनाव, आयटीआयच्या प्रमाणपत्रावर तिसरंच स्पेलिंग. 'भाऊसाहेब' कुठे जोडून, कुठे तोडून. बारावी किंवा आयटीआयचा फॉर्म भरतानाच आधारवरचं नाव अक्षरशः तसंच उतरवा, जन्मतारीखही तीच. आधीच चुकलं असेल तर नोकरी चालू असताना, कंपनीची सही मिळते तोवर, दुरुस्तीचा अर्ज टाकून द्या.